उंदरानं लिहिलेले पस्तीस

आमच्या आक-मोयून कालव्याला पाणी डोंगरावरच्या बर्फातून मिळतं आणि संचालक राजधानीतून. बर्फ दरवर्षी कमी होत चाललंय. संचालकांचा पुरवठा मात्र आजवर कधी आटलेला नाही.

एर्मेक किदिरोविच आले ते वसंतात. देखणा माणूस, केस मागे वळवलेले, बोलताना हात असे फिरवायचा की पाणी त्याच्याच बाहीतून निघतंय असं वाटावं. पहिल्याच महिन्यात मंत्रालयातले एक पाहुणे आले, सोबत टीव्हीवाले. संचालकांनी त्यांना थेट आमच्या नियंत्रण कक्षात आणलं. या कक्षात मी बसतो. माझं नाव कुबात. समोर काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. वरून खाली रेघांनी काढलेला कालवा आणि त्याच्या दोन्ही अंगांना दारांचे नंबर. दाराचा नंबर टाइप करायचा, किती सेंटिमीटर उघडायचं ते टाइप करायचं, एंटर दाबायचं. तिकडे लांब कुठेतरी मोटर घुरघुरते आणि दार वर सरकतं. चित्र नाही, रंग नाही, नाचणारं काही नाही. दामिरा एजेंनी, म्हणजे दामिराताईंनी, हा प्रोग्राम लिहिला तेव्हा देश नवा होता आणि त्या स्वतः तिशीत होत्या. तेव्हापासून देशात बरंच काही बंद पडलं, प्रोग्राम पडला नाही.

तर एर्मेक किदिरोविच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, टेबलावरचा माऊस धरला आणि पडद्यावरच्या बारा नंबरच्या दारावर बाण नेऊन बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग जोर लावून दाबलं, दाराला गंज चढला असावा तसं. पाहुण्यांनी काळजीनं विचारलं की यंत्र बिघडलंय का. मी हळूच म्हणालो की नंबर टाइप करावा लागतो. संचालक एका बोटानं कीबोर्डवर शोधू लागले. एक लगेच सापडला. दोन सापडेपर्यंत टीव्हीवाल्यानं कॅमेरा खिडकीबाहेरच्या चिनारांकडे वळवला होता. सज्जन माणूस.

दुसऱ्या दिवशी दामिरा एजेंना बोलावणं आलं. सोबत मलाही नेलं. मी जागेवर असूनही माऊस चालला नव्हता, म्हणजे माझाही त्यात हात असणार. एजे उन्हाळ्यातही लोकरीची बंडी घालतात आणि जातील तिथे आपला चहाचा थर्मास नेतात. त्यांनी थर्मास संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. संचालकांचं म्हणणं असं की विसाव्या शतकातून बाहेर यायची वेळ झाली आहे, नवा प्रोग्राम घ्यायचा तर मंजुऱ्यांमध्येच पुढचं शतक उजाडेल, तेव्हा आहे त्यातच माऊस चालला पाहिजे. एजे म्हणाल्या की चालेल, हरकत नाही, अक्षरांच्या पडद्यावरही उंदीर चालवता येतो. माऊसला त्या उंदीरच म्हणतात.

संचालक तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती.

"आणि बाण दारावर नुसता आला तरी दार उजळलं पाहिजे," ते म्हणाले. "माझ्या फोनमध्ये सगळं उजळतं."

"उजळायचं तर उंदीर नुसता हलला तरी पडद्यानं मला कळवायला हवं," एजे म्हणाल्या. "बटण दाबल्यावरच नाही. प्रत्येक हालचाल."

"कळवू दे की. तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला नाही. सध्या तरी कुणालाच नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं की यात अवघड काय आहे. एजेंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि मला समजावलं. या असल्या प्रोग्रामला बाहेरच्या जगाचं एकच दार, कीबोर्डचं. माऊस नावाची वस्तू त्याच्या गावीही नसते. मग आपण टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या पडद्याला, सुरुवातीलाच सांगून ठेवायचं की बाबा, उंदीर हलला की कळव. मग तो प्रत्येक हालचालीला अक्षरं आणि आकडे लिहून त्याच दारातून आत ढकलतो. आधी काय घडलं त्याचा आकडा, मग आडव्या ओळीत कितव्या घरात, मग वरून कितव्या ओळीत. प्रोग्रामनं ओळखायचं की हे कुबातनं टाइप केलेलं नाही, उंदराचा निरोप आहे. आणि काम संपलं की निघताना पडद्याला सांगायचं, आता पुरे, कळवू नकोस.

"आणि ते सांगायचं राहिलं तर?"

"तर तो कळवतच राहील. कुणी ऐकत असो नसो."

काही दिवसांत माऊस चालू झाला. खरं सांगायचं तर छान चालला. बाण फिरवावा तशी दारं एकेक करून उजळायची. संचालकांनी उद्घाटन ठेवलं. टेबलावर तळलेले बोरसोक, सरबतं, मक्सिम या आंबट पेयाची बरणी आणि माऊसच्या वायरला लाल फीत. फीत कापताना वायरही कापली जाऊ नये म्हणून कालिक बायके वायर दोन बोटांत धरून उभे होते. कालिक बायके, म्हणजे कालिकदादा, आमचे नवे सुरक्षा अधिकारी. आयुष्यभर एका उंच खिंडीत सीमेवर पहारा दिलेला माणूस. तिथे धुकं यायचं आणि याक यायचे, शत्रू कधी आला नाही. सरळ मनाचे, ताठ कण्याचे. आपल्या कार्यालयात कुणी खोटं बोलत असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांच्या मते खोटं बोलणारे बाहेरून येतात.

आता आमच्याकडची एक अडचण सांगतो. प्रोग्राम राहतो तळमजल्यावरच्या मोठ्या यंत्रात आणि माझा पडदा वर. दोघांमधली तार उपाहारगृहाच्या भिंतीतून जाते. तिथली विजेची भट्टी पेटवली की कधीकधी जोडणी तुटते. पूर्वी तुटली की मी शिवी हासडायचो, पुन्हा जोडायचो, संपलं. आता मात्र जोडणी तुटली की खालचा प्रोग्राम बिचारा न सांगता मरायचा. पडद्याला "पुरे" म्हणायला कुणी उरायचंच नाही.

जूनमधल्या त्या दुपारी मी लागमानच्या शेवया खायला गेलो होतो. भट्टी पेटली, जोडणी तुटली. कालिक बायके फेरीवर होते. यंत्राजवळ चहाचा पेला ठेवायचा नाही असा त्यांचा नियम, आणि माझा पेला तिथेच होता. तो उचलायला ते टेबलावर वाकले. टेबल हललं, टेबलावरचा माऊस सरकला, आणि पडद्यावर आकड्यांची रांग धावत सुटली. ३५, ६०, १४. मग ३५, ६१, १४. मग ३५, ६२, १४. कालिक बायके जागच्या जागी थिजले. कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी श्वास सोडला, कोपर टेबलाला लागलं, पुन्हा आकडे. जवळ कागद नव्हता म्हणून पहिल्या ओळी त्यांनी तळहातावर उतरवून घेतल्या.

मी परत आलो तर दाराला आडवी पट्टी आणि बायके छाती काढून उभे. मी म्हणालो, "बायके, तो माऊस आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच कीव आली. उंदीर आकडे लिहितो का, असं त्यांनी विचारलं. मी दामिरा एजेंना बोलावून आणलं. त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली, हसल्या आणि कीबोर्डकडे हात नेला. बायकेंनी त्यांचं मनगट अदबीनं धरलं.

"एक शब्द टाइप केला की सगळं जाईल, कालिक," एजे म्हणाल्या.

"म्हणूनच करायचा नाही, एजे. पुरावा कसा एका शब्दात जातो ते मला माहीत आहे."

एजेंनी खांदे उडवले आणि त्या चहा प्यायला गेल्या. खोलीला लाखेचं सील लागलं. मला शेजारच्या खोलीतला जुना पडदा दिला. तिथे माऊस नव्हताच, त्यामुळे काम नीट सुरू झालं.

आता पस्तीस नंबरच्या दाराबद्दल सांगायला हवं. कार्यालयात ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कालिक बायकेंना नव्हतं. पडद्यावर पस्तीस नंबर कायम फिका दिसतो, बाजूला लिहिलेलं असतं, "दुरुस्तीत". दार मोटरला जोडलेलं नाही, हाताच्या चाकानं उघडतं. ते उघडंच असतं. त्यातून जाणारं पाणी एका तळ्यात पडतं, तळ्यात ट्राउट मासे असतात, आणि तळं एर्मेक किदिरोविचांच्या मेहुण्याचं, बोलोतचं. आधीच्या संचालकांच्या वेळी ते त्यांच्या भाच्याचं होतं. तळं तेच, मासे तेच, नातं तेवढं बदलतं. कालव्याच्या शेपटीला तोमोन-सू गाव आहे. तिथले लोक बीट लावतात आणि वर बघत बसतात. नोरूझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, कार्यालयातल्या प्रत्येकाच्या घरी दोन-दोन मासे येतात. कालिक बायकेंकडे आले नाहीत, कारण ते नवे होते, आणि कारण ते कालिक बायके होते.

बायकेंनी तासाभरात संकेत फोडला. आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसाचा हात असा झरझर चालतो. मला साक्षीदार म्हणून सोबत घेऊन ते संचालकांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि तळहात पुढे केला.

"आकडा पहिला, दाराचा नंबर. पस्तीस," ते म्हणाले. "आकडा दुसरा, किती सेंटिमीटर. साठ, एकसष्ट, बासष्ट. हळूहळू उघडताहेत, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आकडा तिसरा, वेळ. चौदा वाजता. कुणीतरी आपल्या यंत्रातून पस्तीस नंबरच्या दाराची खबर बाहेर पाठवतंय, एर्मेक किदिरोविच."

एर्मेक किदिरोविचांच्या तोंडचं पाणी पळालं. कालव्याच्या संचालकाच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं. त्यांनी विचारलं की हे अजून कुणाला सांगितलंय का. बायके म्हणाले, कुणालाही नाही, फक्त दामिरा एजेंनी पाहिलंय आणि त्या पुसायला निघाल्या होत्या. संचालकांनी त्यांची पाठ थोपटली, संपूर्ण गुप्ततेचा हुकूम दिला आणि एजेंना पाठवा म्हणून सांगितलं. मला तिथेच बसवून ठेवलं. साक्षीदाराला एकटं सोडू नये, असं बायके बजावून गेले होते.

एजे आल्या. थर्मास टेबलावर ठेवला. संचालकांनी त्यांना खुर्ची दिली, मग स्वतःची खुर्ची मागे घेतली, मग पुन्हा पुढे घेतली.

"दामिरा असानोव्ना," ते अधिकृत थाटात म्हणाले, "पस्तीस म्हणजे काय?"

"हालचाल."

"कुणाची?"

"उंदराची. नुसती हालचाल झाली, बटण अजून दाबलेलं नाही. पस्तीसचा अर्थ तेवढाच."

संचालकांनी कॉलर सैल केली.

"अजून दाबलेलं नाही."

"नाही."

"आणि दाबलं तर?"

"तर शून्य येतं. डावं दाबलं तर शून्य, मधलं दाबलं तर एक, उजवं दाबलं तर दोन."

मी खिडकीतून चिनार बघत होतो. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल याची मला खात्री नव्हती.

"हे कुणाकुणाला जातंय?" संचालकांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"सध्या कुणालाच नाही. ऐकणारा मेलाय, म्हणून सगळं पडद्यावर सांडतंय. मी पुन्हा चालू केला की ऐकायला लागेल."

"थांबवता येईल ना ते?"

"एका शब्दात. पण कालिक लिहू देत नाही."

"कालिकही?" संचालक म्हणाले, आणि ते 'ही' त्यांच्या तोंडून असं निसटलं की दामिरा एजेंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. एजे हुशार आहेत, पण लबाड नाहीत. आपण सरळ बोललो की समोरचा सरळ ऐकतो, असं त्या धरून चालतात. कार्यालयात इतकी वर्षं काढूनही त्यांची ही सवय गेली नव्हती. आता त्यांना काहीतरी चुकतंय असं वाटलं आणि त्यांनी ते निस्तरायचा प्रयत्न केला.

"एर्मेक किदिरोविच, तुमचा घोटाळा होतोय. हा पस्तीस वेगळा. त्या दाराशी याचा काही संबंध नाही."

"कुठल्या दाराशी? मी दाराचं नाव तरी काढलंय का?"

बाहेर कुणीतरी बादली ओतली.

"बटण न दाबताच माणूस उजळावा असं तुम्हीच सांगितलं होतं," एजे म्हणाल्या. मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "दार. दार उजळावं असं."

"दामिरा एजे," संचालक म्हणाले. तोवर त्या त्यांच्यासाठी असानोव्ना होत्या. त्या क्षणी त्यांना एकदम मोठी बहीण आठवली. "एजे, आपण एकाच घरातली माणसं आहोत. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"मला? मला शरद ऋतूत निवृत्त व्हायचंय. अर्ज दिलाय मी. तुमच्याच टेबलावर आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांचा यावर विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. आमच्याकडे ज्याला काही नको असतं त्याला सगळं हवं असतं असं मानतात. तरी त्यांनी अर्जावर तिथल्या तिथे सही केली आणि वर एजेंचा थर्मास स्वतः उचलून दारापर्यंत आणून दिला.

अर्धा जिना उतरल्यावर एजे थांबल्या.

"त्याला वाटतंय मी धमकी दिली."

"हो."

"मी तीनदा खरं सांगितलं, कुबात."

"तीनदा धमकी दिलीत, एजे. एकदा देऊन थांबला असतात तर तो एवढा घाबरला नसता."

त्यांना हसू आलं नाही. त्या परत वर जायला वळल्या. खरंच वळल्या, मी खोटं सांगत नाही. एक पायरी चढल्याही. मग कठड्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं की तोमोन-सूचं बीट कसं आहे. मी म्हणालो, पानं माना टाकायला लागलीत, आठवडाभरात पाणी नाही मिळालं तर जनावरांना घालायच्या लायकीचं राहील. चढलेली पायरी त्या पुन्हा उतरल्या.

"ती खोली सील केली आहे ना?"

"लाख लावून."

"मग राहू दे. पुरावा आहे म्हणे तो," एजे म्हणाल्या आणि खाली उतरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या पडद्यासमोर बसलो होतो. अगदी तळाशी तोमोन-सूच्या पाणीपातळीचा आकडा असतो. तो इतकी वर्षं शून्यावर होता की मापकच मेलाय असं मी धरून चाललो होतो. तो हलला. दोन झाला, पाच झाला. मी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. आकडा वाढतच होता. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे ओसोर अता, तोमोन-सूचे मुराप. पाणी वाटून देणाऱ्याला आमच्याकडे मुराप म्हणतात आणि वडीलधाऱ्याला अता. पण वाटायला पाणीच नसल्यामुळे अतांनी गेली कित्येक वर्षं फक्त भांडणं वाटून दिली होती. ते कुजबुजत होते, जणू मोठ्यानं बोललं तर पाणी ऐकेल.

"कुबात, बाळा, पाणी आलंय."

"दिसतंय मला, अता."

"चुकून आलं असेल ना?"

"असेल."

"मग संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नकोस."

पस्तीस नंबरचं दार कुणी बंद केलं ते मला नंतर कळलं. संचालक आणि मेहुणा पहाटेच गेले होते. चाक इतकी वर्षं एकाच जागी होतं, ते फिरेना. एर्मेक किदिरोविचांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि दोघं मिळून त्याच्यावर लोंबकळले. आमच्या कालव्याच्या इतिहासात संचालकानं स्वतःच्या हातानं चालवलेलं हे पहिलंच दार. माऊसनं ते झालं नसतं.

कालिक बायके गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पाहणीची परवानगी मागितली. संचालकांनी दोन दिवस टाळलं, मग इतक्या उदारपणे दिली की बायके भारावून गेले. मीही सोबत गेलो. पस्तीस नंबरचं दार घट्ट बंद होतं. चाकाला नवं ग्रीस, वर नवं कुलूप, कडेचं गवतसुद्धा कापलेलं. बायकेंनी गुडघे टेकून दाराच्या कडेनं बोट फिरवलं. थेंब नाही. कालव्यावर इतकं नीट ठेवलेलं दुसरं दार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यात थोडी निराशा होती. खालच्या अंगाला तळ्यात पाणी गुडघ्याएवढं उरलं होतं. बोलोत गमबूट घालून जाळ्यानं मासे काढत होता, शिव्या देत होता. बायकेंनी त्याला विचारलं की इथे कुणी अनोळखी माणूस दिसला का. बोलोत म्हणाला, नाही, ओळखीच्याच माणसानं वाटोळं केलं. बायकेंना त्याची दया आली. त्यांनी त्याच्याकडून दोन मासे विकत घेतले, पैसे मोजून दिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले की मासे उत्तम होते. इतक्या वर्षांत आमच्या कार्यालयातल्या माणसानं त्या तळ्यातले मासे पैसे देऊन खाल्ल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सील तसंच राहिलं. संचालक रोज त्या बंद दारासमोरून जायचे आणि जाताना आवाज न करता चालायचे. एकदा त्यांनी मला विचारलं की आत आकडे अजून येताहेत का. मी म्हणालो, खोली बंद आहे, टेबल हलत नसेल तर येत नसतील. त्यांनी उपाहारगृहाला हुकूम दिला की त्या मजल्यावर जड पावलांनी चालू नये.

तोमोन-सूला बीटाची पाणीपाळी पूर्ण झाली, मग त्यांच्या मक्याला झाली, मग ओसोर अतांनी घरामागच्या जर्दाळूंनाही पाजलं. त्यानंतर एके दिवशी दामिरा एजे कालिक बायकेंकडे गेल्या आणि म्हणाल्या की आता ते सील काढा, मला तुम्हाला काही दाखवायचंय.

बायकेंनी लाख फोडली. पडद्यावर धूळ बसली होती. एजेंनी त्यांना माऊस हलवायला सांगितलं. बायकेंनी एक बोट लावून तो ढकलला. ३५ आले. बटण दाबायला सांगितलं. शून्य आलं. डावीकडे न्यायला सांगितलं, दुसरा आकडा कमी होत गेला. खाली न्यायला सांगितलं, तिसरा वाढत गेला. एजेंनी सगळं सावकाश समजावलं. जोडणी तुटते, प्रोग्राम मरतो, पडद्याला थांब म्हणायला कुणी राहत नाही. बायके शिकवणीला बसल्यासारखे ऐकत होते. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. आमच्या सगळ्या कार्यालयात ही गोष्ट पूर्ण समजलेला तो एकटा माणूस.

मग ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे कुणीच नव्हतं."

"कुणीच नव्हतं, कालिक."

"मी तळहातावर लिहून घेतलं होतं," ते म्हणाले. तळहात कधीच धुतला गेला होता, तरी त्यांनी तो उघडून पाहिला.

एजेंनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्यांच्यासमोर ठेवला, यंत्राच्या अगदी शेजारी. बायकेंनी तो तिथेच प्यायला.

"दार तुम्ही स्वतः बघून आलात ना?" एजेंनी विचारलं. "घट्ट बंद होतं?"

"थेंबही नव्हता."

"मग वाया काही गेलं नाही."

त्यांना यातलं किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी स्वतःच कीबोर्ड एजेंकडे सरकवला. एजेंनी एक शब्द टाइप केला. पडदा कोरा झाला. नंतर त्यांनी प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. जोडणी कशीही तुटली तरी अलीकडचा पडदा स्वतःच उंदराचं तोंड बंद करील अशी सोय. काम चार ओळींचं होतं. त्यांनी ते मला करून दाखवलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

शरद ऋतूत संचालकांना पदक मिळालं, कालव्याच्या शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचवल्याबद्दल. समारंभाला तोमोन-सूहून ओसोर अता आले, नवी कल्पाक टोपी घालून. त्यांनी संचालकांच्या खांद्यावर झगा पांघरला आणि डोळ्यांत पाणी आणून आशीर्वाद दिला. एर्मेक किदिरोविच बोलताना म्हणाले की थेंबन् थेंब सामान्य माणसाचा आहे, यावर आपला पहिल्यापासून विश्वास होता. मी टाळ्या वाजवल्या. मेहुणा बोलोत मागच्या रांगेत बसला होता, तोही वाजवत होता, जरा हळू.

त्याच आठवड्यात दामिरा एजेंचा निरोप समारंभ झाला. संचालकांनी इतकं लांबलचक भाषण केलं की बोरसोक गार पडले. एजेंना त्यांनी कालव्याचा आत्मा म्हटलं. एजेंनी आभार मानले, भेट मिळालेला गालिचा मला गाडीत ठेवायला लावला आणि मुलीकडे ओश शहराला निघून गेल्या. जाताना माझ्यासाठी काही सूचना वगैरे ठेवल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की भट्टीच्या भिंतीतून तार काढून घे, दुसरीकडून ओढ. ते काम अजून मंजुरीत अडकलंय.

हिवाळा संपत आला तेव्हा एका सकाळी संचालक नियंत्रण कक्षात आले. इकडचं तिकडचं विचारलं, बर्फ किती पडलं, घरचे कसे आहेत. मग खिशात हात घालून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर पस्तीस नंबर फिकाच होता, बाजूला "दुरुस्तीत". ते आता खरंच बंद होतं, पण पडद्यावरचं कुणी बदललं नव्हतं.

"कुबात," ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "एजेंनी या प्रोग्राममध्ये काही ठेवलंय का रे मागे?"

मी विचार केला. मला प्रोग्राममधलं फारसं कळत नाही. चार ओळी दाखवल्या होत्या, त्याही विसरलो.

"मी आत पाहिलं नाही, एर्मेक किदिरोविच."

"पाहू नकोस," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी तोमोन-सूला फोन लावला आणि ओसोर अतांना सांगितलं की यंदा बीट जरा जास्त लावलं तरी चालेल.